पहाडांचे खुंटे आणि ओढणीचं टोक

ज्या जमिनीवर रोज पाच वेळा कपाळ टेकायचं, तिचीच भीती वाटायला लागली तर माणसानं नमाज कुठं पढायची? हा प्रश्न मी कोणालाच विचारला नाही. उमरखेडच्या आमच्या मोहल्ल्यात उलटीच रीत होती. धर्मातलं काही अडलं आणि ते शाळेत शिकलेल्या विज्ञानाशी जुळेना, की बायका माझ्याकडे यायच्या. "आपाले विचारा," असं एकमेकींना सांगायच्या. आता आपाच अडली तर तिनं कोणाचं दार वाजवायचं? म्हणून मी गप्प राहिले आणि आतल्या आत वाळत गेले.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवलं, मराठीतून. आता सेवानिवृत्त आहे. नवऱ्याचं बसस्टँडजवळ मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे. दर जुम्म्याला दुपारी शेजारच्या रजियाच्या अंगणात बायका जमतात. रजिया कपडे शिवते, तिच्या शिलाई मशीनला लागूनच माझी खुर्ची असते. मी कुरआनातल्या दोन-चार आयती वाचते, अर्थ सांगते. याला आम्ही दर्स म्हणतो. असे दर्स गावात आणखीही होतात, पण गर्दी माझ्याकडे असायची, कारण मी प्रत्येक आयतीला विज्ञान जोडून द्यायची. आईच्या पोटातलं बाळ, लोखंड, समुद्राच्या तळाचा अंधार, फैलत जाणारं आकाश. बघा, हे आता शास्त्रज्ञांना कळलं, आपल्या किताबात आधीपासून आहे. हे ऐकून बायकांचे चेहरे उजळायचे आणि खरं सांगायचं तर माझाही उजळायचा. शाळेत सहकारी मला अल्लाहवाली म्हणून चिडवायचे आणि मोहल्ल्यात मला सायन्सवाली म्हणायचे. या दर्समध्ये माझे दोन्ही हात एकमेकांना सापडायचे.

त्यातही माझा आवडता धडा पहाडांचा होता. अल्लाहनं पहाड जमिनीत खुंट्यांसारखे ठोकले, ती तुम्हाला घेऊन हलू नये म्हणून घट्ट पहाड ठेवले, अशा अर्थाच्या आयती आहेत. तो धडा शिकवायला मी रजियाच्या बकरीचा खुंटा उपटून आणायची. खुंटा जेवढा वर दिसतो त्याहून जास्त जमिनीत असतो, तसं पहाडाचं मूळ खोल असतं, असं सांगून तो हातोहात फिरवायची. बकरी तेवढ्यात सुटून कोणाच्या तरी भाजीत तोंड घालायची आणि सगळ्या हसायच्या. असा तो धडा मी कितीदा दिला असेल.

मग ते आवाज सुरू झाले.

आमच्या या भागात, मराठवाड्याच्या हद्दीकडे, जमिनीतून आवाज येतात हे पेपरात वाचणाऱ्यांना माहीत असेल. पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं, कुठं तरी खदानीत बार उडवला. पण खदानीचा आवाज दुरून येतो आणि विरून जातो. हा खालून यायचा. भरलेली लोखंडी पेटी तळघरात कोणी ओढत न्यावी तसा घरघर करत यायचा आणि आमच्या घराला तळघर नाही. रांजणातल्या पाण्यावर बारीक कडी उमटायची. मांडणीवरच्या ताटल्या एकमेकींना लागून किणकिणायच्या. पुन्हा चार-चार दिवस काहीच नाही. ते शांत दिवस जास्त वाईट होते. बोलता बोलता बायका मध्येच थांबायच्या आणि खाली फरशीकडे बघायच्या. रजियाच्या कोंबड्या भर दुपारी एका ओळीत भिंतीला पाठ लावून उभ्या राहायच्या, दाणे टाकले तरी हलायच्या नाहीत. शेवटी एका सकाळी जमीन खरोखर हलली. कुठं फार पडझड झाली नाही, पण बाहेर पळणाऱ्या माणसांचे पाय वाकडे पडत होते, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं.

त्या जुम्म्याला रजियानं विचारलं. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. मशीनवर हात ठेवून तिनं साधंच विचारलं, "आपा, पहाड खुंटे हायेत म्हणता, जमीन हलू नये म्हणून ठोकले. मंग हे काहून हलून राह्यली?"

मी काही तरी उत्तर दिलं. पहाड नसते तर याहून जास्त हलली असती, असं काहीसं. बायकांनी माना डोलावल्या. पण मी घरी आले आणि माझ्यातली विज्ञानाची बाई उठून उभी राहिली. अगं, जगातले सगळ्यात उंच पहाड जिथं आहेत तिथंच सगळ्यात मोठे भूकंप होतात, हे तू किती वर्षं शिकवलंस? दोन्ही गोष्टी मला माहीत होत्या. एक मी शाळेच्या कपाटात ठेवली होती, दुसरी घरच्या, आणि दोन्ही कपाटं कधी एका वेळी उघडलीच नव्हती. एवढी हुशार समजायची मी स्वतःला.

एक खुंटा ढिला झाला आणि मग बाकीचे मीच हलवून बघायला लागले. यूसुफ नबींच्या स्वप्नातले अकरा तारे म्हणजे अकरा ग्रह, असंही मी कुठं तरी वाचून एकदा सांगितलं होतं. नऊ सापडलेत, दोन सापडतील. पुढं पुस्तकातून नववाही गेला. तेव्हा मी ती गोष्ट मुकाट्यानं मागं टाकली होती, जशी बाजारातून आणलेली नासकी वांगी आपण नवऱ्याला न दाखवता उकिरड्यावर टाकतो. आता ती आठवली. विज्ञान तर बदलणारच, बदलणं हाच त्याचा धर्म. मग त्याच्या खुंटीला मी माझा अल्लाह टांगला होता की काय? आणि खुंटी निघाली तर काय उरतं? जे उरायला हवं होतं ते मी कधी हाताळलंच नव्हतं.

पण हे सगळं डोक्यातलं झालं. खरी गोष्ट कपाळाची होती. नमाजमध्ये सजद्याला गेले, कपाळ फरशीला लागलं, की मला तो आवाज ऐकू यायचा. बाहेर काही नसायचं. पंखा फिरतोय, गल्लीत भाजीवाला ओरडतोय, आणि माझ्या कपाळातून आत एक बारीक, लांबलचक हुंकार शिरतोय. डोकं उचललं की बंद. टेकवलं की पुन्हा. मी नवऱ्याला फरशीला कान लावायला सांगितलं. ते बिचारे पालथे पडून ऐकत राहिले आणि म्हणाले, "मले तं काही नाई येऊन राह्यलं ऐकू. तुमचं पोट गुरगुरत असंल, मास्तरीणबाई." लाडात आले की ते मला मास्तरीणबाई म्हणतात. मला मात्र हसू आलं नाही. हाडातून आवाज चांगला जातो, रुळाला कान लावला तर दूरची गाडी कळते, हे मीच पोरांना शिकवलेलं. म्हणजे खाली खरंच काही चाललं असेल आणि माझ्या हाडाला ते लागत असेल. ही समजूत बरोबरही असेल. पण एकटीनं सजद्यात पडून असताना ती समजूत कामी येत नाही. तेव्हा एवढंच वाटतं की आपण ज्याला हाक मारतोय तो वर आहे, आणि खालून दुसरंच कोणी तरी उत्तर देतंय.

मी गुडघ्याचं निमित्त काढलं. खुर्चीवर बसून नमाज पढायला लागले, म्हणजे कपाळ जमिनीला लागायला नको. दोन दिवसांनी नवरा म्हणाला, "जिना चढताना तं गुडघे चांगले चालतेत तुमचे." मी त्यांना नको ते बोलले. नंतर खुर्चीवरची नमाजही सुटत गेली. आज डोकं दुखतंय, आज पाणी आलं नाही. अजान व्हायची आणि मी स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात आपटायची.

मोहल्ला घाबरलेला होता. रात्री लोक अंगणात खाटा टाकून झोपत. शहरातून काही माणसं हादरे मोजायचं यंत्र घेऊन आली, शाळेच्या एका खोलीत ते बसवलं. त्यांच्यात एक तरुण बाई होती. तिला मी विचारलं, हे कधी थांबेल, की याहून मोठं काही येईल? ती म्हणाली, "सांगता येत नाही, मॅडम. आम्ही मोजतोय." मला तिचा राग आला. एवढं यंत्र आणलं आणि सांगता येत नाही? पण ते सांगताना तिचा चेहरा जरासुद्धा पडला नव्हता, हे लक्षात राहिलं. जाता जाता ती मंडळी घरोघर सांगून गेली की टिनाच्या छपरांवर ठेवलेले दगड काढून टाका. आमच्याकडे वाऱ्यानं टिन उडू नये म्हणून वर दगड ठेवतात. आमच्या स्वयंपाकघरावरही होते, मातीच्या जुन्या भिंतीवर, चांगले मोठे. नवरा म्हणाला, इतवारी काढतो. तो इतवार गेला, दुसराही गेला.

बायकांनी मला निरोप दिला की या जुम्म्याला आपानं त्या आवाजाचंच सांगावं. कुरआन काय म्हणते, सायन्स काय म्हणते, दोन्ही. मी हो म्हणाले. मनात ठरवलं होतं की जायचं, आणि यापुढे दर्स होणार नाही एवढं सांगून परत यायचं. जिला स्वतःला सजदा होत नाही तिनं आयती सांगणं हे ढोंग आहे, आणि ढोंग मला कधी खपलं नाही, स्वतःचं तर नाहीच. पण दर्स सुटला की त्याच्यासोबत सगळंच सुटणार, हेही मला कळत होतं. परत येण्याची दुसरी वाट मला दिसत नव्हती.

जुम्म्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. असरची अजान होऊन गेली होती, उन्हं कलली होती. गॅसवर दूध ठेवून मी अंगणात वाळत घातलेले कपडे काढायला आले, आणि पाहते तर फाटकाच्या आत एक म्हातारी उभी. फाटक वाजल्याचं मी ऐकलं नव्हतं. कडी मी लावली होती की नव्हती, ते मला आजही नक्की सांगता येत नाही. अंगावर विटका हिरवा सलवार-कुर्ता, डोक्यावर पांढरी ओढणी, हातात कापडी पिशवी. मोहल्ल्यात मी तिला कधी पाहिलं नव्हतं. गल्ली तेव्हा विचित्र शांत होती. रजियाचं मशीन बंद होतं आणि कोंबड्या पुन्हा त्या भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. खरं सांगते, एक क्षण मला त्या म्हातारीची भीती वाटली.

"कोण पाहिजे, खाला?" मी विचारलं. तिनं कानाला हात लावून मान हलवली, मग ओठांना बोट लावून पुन्हा मान हलवली. ऐकू येत नाही, बोलता येत नाही. मग दोन्ही हात मनगटापर्यंत चोळून दाखवले. नमाजआधी हात-तोंड-पाय धुवायला, वजूला, पाणी हवं होतं.

मी लोटा भरून दिला. तिनं फार सावकाश वजू केला, बोटांच्या बेचक्यांतून पाणी फिरवत. मी घरात चला म्हणून खुणावलं, तर तिनं दाराकडे पाहिलं आणि मान हलवली. अंगणातच, कडुनिंबाखाली. मी चटई आणून टाकली आणि बाजूला झाले. तेव्हा तिनं माझं मनगट धरलं. ओलाव्यानं गार पडलेला हात, पण पकड पक्की. चटईवर आपल्या शेजारची जागा दाखवली. मी गुडघ्याला हात लावून तोंड वाकडं केलं, म्हणजे दुखतात. तिनं वाकून माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हसली. नवऱ्याला चार शब्द सुनावता आले होते. हिला काय सुनावणार? मी नळावर जाऊन वजू केला आणि तिच्या शेजारी उभी राहिले. मनात नमाजची नियत होती, असा दावा मी करत नाही. पाहुणीचा मान राखत होते.

पहिल्या सजद्याला मी डोळे गच्च मिटून गेले. चटईखालची जमीन गप्प होती. दुसऱ्यालाही गप्प. इतक्या दिवसांनी कपाळ टेकवलं आणि खाली काहीच नाही. कोणी तरी श्वास रोखून बसलंय असं वाटत होतं. तिसऱ्या रकातीत, म्हणजे नमाजच्या तिसऱ्या फेरीत, आम्ही सजद्याला गेलो आणि खाला उठेचना.

ती उठेल मग मी उठेन, असं म्हणत मी थांबले. ती उठेना. स्वयंपाकघरातून दूध उतू गेल्याचा वास आला, मग करपल्याचा. मी उठायला गेले आणि मान मागं ओढली गेली. माझ्या ओढणीचं टोक खालाच्या गुडघ्याखाली दाबलं गेलं होतं. हळूच ओढून पाहिलं, निघेना. जोरात ओढावं तर तिच्या सजद्याला धक्का लागणार. ओढणी सोडून उठावं तर नमाजमध्ये डोकं उघडं पडणार. ज्या बाईनं कित्येक दिवस नमाज पढली नव्हती ती तेव्हा डोकं उघडं पडायची चिंता करत होती. माणूस आतून कसा असतो, त्याचं त्यालाच ठाऊक नसतं. मी पुन्हा कपाळ टेकवलं.

आणि तो आला. आधी कपाळात, तोच हुंकार, पण या वेळी लांबून जवळ येणारा. मला वाटतं, मोहल्ल्यात तेव्हा तो फक्त मलाच कळत होता. पळ, असं अंगातली प्रत्येक शीर सांगत होती, आणि ओढणी गुडघ्याखाली. तेव्हा मी काय केलं ते लिहायला मला लाज वाटत नाही. मी सगळं सोडून दिलं. दूध, दर्स, खुंटे, आयतीचा अर्थ, सायन्सचा अर्थ. 'तू असशील तर आहेस, मला काही कळत नाही,' एवढंच मनात म्हटलं आणि अंग सैल टाकलं. माझ्या आयुष्यातला तो पहिला सजदा असावा, असं आता वाटतं.

जमीन हलली. चटई सरकली, निंबाच्या काटक्या पाठीवर पडल्या, आणि मागं टिन कडाडलं. एका मागोमाग एक दगड आत कोसळल्याचा, मग भिंत बसल्याचा आवाज झाला. मातीचा लोट नाकातोंडात गेला. गल्लीत बायका किंचाळत होत्या. मग सगळं थांबलं.

खाला हलली नव्हती. माझ्या मनात आलं, ही गेली. सजद्यातच गेली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. पाठ गरम होती, वरखाली होत होती. मी कान जवळ नेला. म्हातारी बारीक घोरत होती.

माझ्या हातानं ती जागी झाली. शांतपणे उठून बसली, उरलेली नमाज पूर्ण केली, उजवीकडे सलाम फेरला, मग डावीकडे, जिकडे मी बसले होते. माझ्या तोंडावरची माती तिनं आपल्या ओढणीनं पुसली. मग तिचं लक्ष पडलेल्या स्वयंपाकघराकडे गेलं. तिनं तळहात जमिनीवर ठेवून दोन-तीनदा थोपटलं, चाळवलेल्या बाळाला थोपटतो तसं. याचा अर्थ मी तेव्हा विचारला नाही, नंतरही लावला नाही.

तेवढ्यात रजिया धावत आली. तिनं आधी बाहेर कोपऱ्यातल्या सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला, मग मला पाहिलं आणि मोठ्यानं रडायला लागली. शेगडीच्या जागी दगड होते. दुधाचं पातेलं पोळीसारखं चपटं झालं होतं. उतू जाणाऱ्या दुधासाठी मी उठले असते तर कुठं असते, हे दोघींनाही दिसत होतं. नवरा दुकानातून आला, स्कूटर तशीच टाकून. दगडांकडे पाहत एवढंच म्हणाला, "मी इतवारी काढणार होतो." हे तो पुढं कितीतरी दिवस, कोणी न विचारता, म्हणत राहिला.

थोड्या वेळानं एक बाई "खाला, खाला" करत गल्लीत आली. खाला तिची मावशी. दोघी लग्नाला हदगावकडे चालल्या होत्या. गाडी चुकली, बाई चौकशीला गेली तेवढ्यात खाला नमाजची जागा शोधत भटकली. "लई तरास देल्ला का तुमाले?" तिनं विचारलं. मी घडलं ते सांगितलं, सजद्याचं सांगितलं. ती कपाळाला हात लावून हसली. "अजी, ते तं तिची आदतच हाय. सजद्यात गेली का झोपतेच. घरी आमी हालवून उठवतो. जमिनीले डोकं लावलं का तिले नींद येते, लहानपणापासून."

बाई निघून गेली, खालाला हाताला धरून. जाताना खालानं वळून पाहिलं नाही. मी नाव विचारलं नाही, गावही विचारायचं राहिलं.

आता कोणी म्हणेल, म्हातारीला डुलकी लागली, ओढणी अडकली, योगायोग झाला. असेल. मी विज्ञानाची बाई आहे, योगायोग म्हणजे काय ते मला कळतं. कोणी म्हणेल, फरिश्ता आला होता. फरिश्ते घोरत असतील तर मला ठाऊक नाही. त्या संध्याकाळी अंगणातल्या खाटेवर बसून मी कुरआन उघडलं. खुंट्यांच्या आयतीवर बोट गेलं, रोजच्या सवयीनं. आणि तिच्या आधीची आयत मी कदाचित पहिल्यांदाच वाचली. तिथं विचारलंय की आम्ही जमिनीला बिछाना नाही का केलं? इतकी वर्षं मी तिच्यावरून उडी मारून खुंट्यावर जात होते, कारण बिछान्यात मला काही सायन्स सापडलं नव्हतं. जिला ऐकू येत नाही, बोलता येत नाही, ती त्या बिछान्यावर निर्धास्त झोपली होती. मला रडू फुटलं. लगेच माझ्यातली दर्सवाली जागी झालीच. बिछान्याचं काय सांगता येईल, खालचे थर, वरचा थर, असं तिचं सुरू झालं. मी तिला दटावलं. बाई, पुन्हा खुंटा नको ठोकू. बस थोडी.

जुन्या आलिमांच्या, म्हणजे धर्मपंडितांच्या, तफसीर, कुरआनावरची भाष्यं, मी वाचत आले आहे. एखाद्या आयतीचे चार-पाच अर्थ देऊन ते शेवटी लिहितात, वल्लाहु आलम, खरं अल्लाहच जाणतो. मला ती नुसती सही वाटायची, तिथं पोचले की मी पुस्तक मिटायची. यंत्र घेऊन आलेली ती तरुण बाई आठवली. सांगता येत नाही, आम्ही मोजतोय. एवढी विद्या असून हे म्हणायला त्यांना कमीपणा वाटला नाही, फक्त माझीच जीभ रेटून पुढं जात होती.

जुम्म्याला मी रजियाच्या अंगणात गेले. इतक्या बायका मी कधी पाहिल्या नव्हत्या. काही जणी फाटकाबाहेर उभ्या होत्या. रजियानंच सुरुवात केली. "आपा, आता सांगाच. पहाड खुंटे हायेत का नाई?"

"अल्लाहनं म्हटलंय, तर आहेत," मी म्हणाले. "कसे, ते मला माहीत नाही. मी सांगत होते तसे नसतील. जमीन का हलते ते सायन्सला विचारा, त्यांना थोडं कळलंय, थोडं ते शोधतायत. हललेल्या जमिनीवर कसं जगायचं, ते मी किताबात शोधतेय. मलाही थोडंच कळलंय."

मला वाटलं, आता कुजबुज होईल, एकेक उठून जाईल. पण रजियानं हुश्श केलं. "तुमाले बी नाई माहीत? या अल्लाह. मले वाटे, मलेच समजत नाई, माह्याच ईमानात खोट हाय. मी तं लोकायले सांगतबी नोती, आपा, पण जमीन हालल्यापासून माही नमाज होत नोती." तिच्यामागून आणखी एक म्हणाली, "माही बी." मग आणखी एक. या बायका माझे खुंटे धरून उभ्या होत्या, आणि प्रत्येकीला वाटत होतं की फक्त तिचाच हात सुटलाय.

त्या दिवशी मी कोणाला काही शिकवलं नाही. आम्ही बोलत राहिलो, कोणी रडलं, कोणी त्या चपट्या पातेल्यावरून माझी थट्टा केली. अल्लाहनं मला वाचवलं ते कशासाठी, याचाही हिशेब मी मांडत नाही. शुक्र मात्र रोज करते, त्याचे आभार मानते. त्या हलणाऱ्या जमिनीसाठी, त्या झोपाळू म्हातारीसाठी, आणि मला काही कळत नाही हे ज्या घडीला मान्य करता आलं त्या घडीसाठी. मी समजून घेऊन मग झुकायची वाट बघत होते. आधी झुकल्यावर समजलं की समजून घ्यायला पुढं सगळं आयुष्य पडलंय.

आवाज अजून येतात. कमी झालेत, गेलेले नाहीत. त्या जुम्म्याला असरची वेळ झाली तेव्हा आम्ही सगळ्या अंगणातच उभ्या राहिलो, मी खुर्ची मागितली नाही. सजद्यात गेलो आणि कपाळाला तो हुंकार लागला, लांबून येणारा. भीती वाटलीच, नाही कशाला म्हणू? पण कोणी उठलं नाही. मला तर उठता येणारच नव्हतं. खाली जातानाच मी माझ्या ओढणीचं टोक हळूच रजियाच्या गुडघ्याखाली सरकवून ठेवलं होतं.